डफ शेकेपर्यंत

(दृश्य : पाऊस. देवळाच्या पायरीवर चपलांचा ढीग. आवाज फक्त पागोळ्यांचा.)

श्रावणातला दुसरा सोमवार, दुपारचे दोन. कोल्हापूर जिल्ह्यात, पन्हाळ्याच्या पलीकडचं हे भाताचं गाव. रोपलागण उरकलीय, भांगलण पावसानं अडवलीय. त्यामुळं आज माणसांना बसायला सवड आहे, आणि बसायला महादेवाच्या देवळाचा मंडपही आहे.

दोनचा शाहिरीचा कार्यक्रम. दोन वाजून गेले, तरी सुरू होत नाही. डफ उतरलाय.

(मूळ आवाज : एक थाप. थोडा वेळ काही बोलू नका.)

ऐकलंत? ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज. दोन वीत रुंदीचं लाकडी कडं, त्यावर ताणून बसवलेलं शेळीचं कातडं. हवेतली ओल कातडं पिऊन घेतं, सैल पडतं, आणि आवाज बसतो. शाहिरानं घसा कितीही साफ केला तरी उपयोग नाही. आधी डफाचा घसा मोकळा व्हायला हवा.

(दृश्य : मंडपाबाहेर पत्र्याच्या आडोशाला तीन दगड, शेणी, जाळ. आबांचे हात.)

आज दोन फड, म्हणजे शाहिरांचे दोन संच, आलेत. त्यातल्या तुरेवाल्या फडाचे हे आबा. जाळावर डफ धरायचा नाही, जाळाच्या धगीवर धरायचा, एवढंच ते आम्हाला सांगतात. बाकी सगळं हातांकडं बघून शिकायचं. तव्यावरची भाकरी फिरवावी तसा डफ फिरतोय. कडेची धग आधी, मधली नंतर. मध्येच तळहात उलटा करून ते कातड्याला टेकवतात. आजारी पोराच्या कपाळाला हात लावतात ना, तसा. मग नखानं एक टिचकी. कान जवळ. मान हलते. अजून नाही.

पुन्हा धग.

कुणीतरी आतून ओरडतं, “आबा, किती वेळ?”

“तुझ्या आज्यानं कधी इचारलं न्हाई,” आबा म्हणतात. डफ फिरतच राहतो.

(मूळ आवाज : दुसरी टिचकी. तिसरी. चौथीला कातडं बोलतं.)

चौथीला आवाज उघडला. ही सगळी वीस मिनिटं आम्ही चित्रित केली आहेत. तुम्हाला दाखवतोय ती तीन. बाजारात आता प्लॅस्टिकच्या पडद्याचा डफ मिळतो. तो पावसात उतरत नाही, त्याला शेणी लागत नाहीत, वीस मिनिटंही लागत नाहीत. असा एक डफ इथल्या खुंटीवरही लटकलेला होता. त्याचं दृश्य आम्ही ठेवलेलं नाही.

(दृश्य : तुणतुणं जवळून. खुंटी पिळणारी बोटं.)

दुसरं वाद्य हे. मापट्याएवढं पोकळ लाकूड, बुडाला कातडं, बाजूला वेळूची काठी, काठीच्या टोकाला खुंटी. तार एकच, कातड्याच्या मधोमध ओवून खुंटीपर्यंत ओढलेली. सूरही तीच धरते, तालही तीच. तुणतुणं वाजवणारा बहुधा झीलकरीही असतो. शाहिराची ओळ संपली की मागून ‘जी जी जी’ म्हणून ती उचलून धरायची, आणि तेवढ्यात शाहिरानं दम घ्यायचा, पुढचं आठवायचं. झील चुकली की शाहीर उघडा पडतो.

(दृश्य : मंडपात समोरासमोर बसलेले दोन फड.)

शाहिरी म्हटलं की आपल्याला पोवाडा आठवतो. साहजिक आहे. अफजलखानाच्या वधावर अज्ञानदासानं रचलेल्या पोवाड्यापासून ती वाट सुरू होते असं मानतात, म्हणजे साडेतीनशे वर्षांवर झाली. कोल्हापूर तर लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईकांचं. पण आज इथं पोवाडा नाही. आज भेदिक आहे, म्हणजे कोड्यांची, सवाल-जवाबाची शाहिरी. पोवाडा घडलेलं सांगतो, भेदिक विचारतं. त्यामुळं इथं एक फड पुरत नाही. दोन लागतात.

उजवीकडं बसलेत ते तुरेवाले. त्यांचं म्हणणं, शिव मोठा. डावीकडं कलगीवाले. त्यांचं म्हणणं, शक्ती मोठी. आधी बी की आधी झाड, एवढ्या एका भांडणावर पिढ्यान्‌पिढ्या रात्री जागवल्यात. हे भांडण एकट्या महाराष्ट्राचंही नाही. माळव्यात, राजस्थानात तुर्रा आणि कलंगी याच नावांनी ते चालतं. तिकडं कथा सांगतात ती अशी : तुकनगीर नावाचा एक गोसावी आणि शाह अली नावाचा एक फकीर. दोघांचं गाणं ऐकून चंदेरीचा राजा खूश झाला, मुकुटातला तुरा त्यानं एकाला दिला आणि कलगी दुसऱ्याला. म्हणजे शिवाची बाजू गोसाव्याकडं आणि शक्तीची फकिराकडं. कथाच ती. पण ज्यांनी ती रचली, त्यांना हे दोघं एकाच बैठकीत बसलेले हवे होते.

आज मात्र कलगीवाल्यांची जरा पंचाईत आहे. श्रावणी सोमवार, देऊळ महादेवाचं, समोर पिंड. शत्रूच्या वाड्यात शिरून शत्रूला हरवायचं.

“मामा, आज आमच्या घरात आलायसा,” आबा चिडवतात.

कलगीवाल्या फडाचे मामा पिंडीखालच्या शाळुंकेकडं, म्हणजे शक्तीचं रूप मानतात त्या बैठकीकडं, बोट दाखवतात. “घर तुमचं आसंल, पर बसलाय कुणाच्या मांडीवर, ते बगा की!”

(मूळ आवाज : हशा. त्यातूनच पहिला डफ. गण सुरू.)

गणानं सुरुवात. गणपतीला वंदन, मग गुरूला. रचना नवी असो की जुनी, शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, बऱ्याचदा गुरूचं आणि गावाचंही.

(दृश्य : बाड. पिवळी पानं, कोपरे गेलेले, मध्येच चहाचा डाग.)

हे मामांचं बाड. यातली निम्मी कवनं त्यांच्या वडिलांच्या हातची आहेत. ते समोर उघडं असतं, पण मामा त्यात बघत नाहीत. चष्मा खिशातच आहे.

आता तुऱ्याचा सवाल.

(मूळ आवाज. ओळी पडद्यावर.)

नऊ दारांचा वाडा बांधिला, नाही चुना ना माती,
आत धनी तो एकला राही, दिवा नाही ना वाती.

भेदिक ऐकणाऱ्यांना हे कोडं नवीन नाही. नऊ दारं म्हणजे दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड आणि खालची दोन. वाडा म्हणजे देह. धनी म्हणजे आत्मा, म्हणजेच शिव. आबांनी सोपा सवाल टाकलाय असं वाटतं. मामा लगेच उठत नाहीत. ते डफाच्या कड्यावर बोटं नाचवतात आणि झीलकऱ्याच्या कानात काहीतरी सांगतात.

याच वेळी खांबामागून एक आवाज येतो. शक्तीची बाजू मांडायला बसलेले सगळेच पुरुष आहेत, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. बायका खांबापलीकडं, उपासाची खिचडी निवत ठेवून बसलेल्या. आमचा कॅमेरा तेव्हा आबांवर होता, त्यामुळं आजी दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात.

(मूळ आवाज : “आन् वाडा बांधला कुणी, ते बी इचार की त्येला!”)

मामा उठले.

(मूळ आवाज. ओळी पडद्यावर.)

नऊ महिने ती राबत होती, तेव्हा वाडा झाला,
धन्याचं नाव घेतोस गड्या, विसरलास आईला?

(दृश्य : मंडप. टाळ्या. एक मुलगा मोबाइल खाली ठेवून बघतोय. आबांचा चेहरा.)

आबांच्या चेहऱ्यावर आम्ही कॅमेरा धरून ठेवला आहे. त्यावर निवेदन नको.

(दहा सेकंद काही नाही. मागे नुसता डफ.)

पुढं दीड तास हे चाललं. पाच तत्त्वं आली, सहा चक्रं आली, रामायणातली एक आडवाट आली. एक सवाल इतका लांबला की विचारणाऱ्यालाच शेवट सापडेना, आणि त्यावर दोन्ही फड पोट धरून हसले. माइक कुणाच्याही हातात नव्हता. मधे एकदा पाऊस वाढला तेव्हा पत्र्याच्या आवाजात काही ओळी बुडाल्या. त्या तशाच ठेवल्यात. मधे एकदा डफ पुन्हा उतरला. आबा उठून चुलीकडं गेले आणि तोवर कलगीवाल्यांनी एक गौळण म्हणून घेतली. सवाल तसाच टांगलेला राहिला. डफ शेकेपर्यंत समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो, ही सोयही त्या कातड्यातच आहे.

दोन्ही फडांचे मिळून आज अकरा जण होते. चाळिशीच्या आतला एकच, तुणतुण्यावरचा. गावच्या जत्रेला गेल्या वर्षी डीजे होता.

(दृश्य : दिवेलागण. समईच्या उजेडात आबा उभे.)

आरतीच्या आधी आबांनी शेवटचा सवाल टाकला. दुपारचाच धागा, दुसऱ्या टोकानं ओढलेला.

(मूळ आवाज. ओळी पडद्यावर.)

आईनं वाडा बांधिला म्हणशी, मान्य तुझी ही वाणी,
आई ज्या वाड्यात राहते, तो बांधला सांग कुणी?

तिची आई, असं म्हणावं तर तिचीही आई निघते. मामांनी डफ उचलला. एक थाप दिली. थांबले. झीलकऱ्यानं त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी झीलकऱ्याकडं. खांबामागून यावेळी काही आवाज आला नाही.

“पुढल्या सोमवारी,” मामा म्हणाले.

“या की,” आबा म्हणाले. “घर आमचंच हाय.”

दोन्ही फडांनी आरती एकत्र म्हटली. खिचडी वाटली गेली.

(दृश्य : पाऊस थांबलेला. मोटरसायकल सुरू होते.)

मामांनी डफ खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळला, तोंड सुतळीनं आवळलं. तुणतुणंवाला गाडी चालवतोय, मामा मागं. डफ दोघांच्या मधे, ओल लागू नये म्हणून. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मामांचा उजवा हात बघा. पोत्यावर बोटं चालूच आहेत.