आवाजाचं बटण

(दृश्य: छोटी खोली. टेबलावर संगणक, हेडफोन.)

शाळेत गोळीबार झाला की एक-दोन दिवसांत बातमी येते: पोरगा मारधाडीचे गेम खेळायचा. पाठोपाठ कुणीतरी ठणकावून सांगतं, गेममुळे आक्रमकता वाढते हे प्रयोगात सिद्ध झालंय. तो प्रयोग असा असतो.

निम्म्या विद्यार्थ्यांना मारधाडीचा गेम खेळायला देतात, निम्म्यांना साधा. मग हेडफोन लावून सांगतात, पलीकडच्या खोलीत तुमचा प्रतिस्पर्धी बसलाय. खूण दिसली की बटण दाबायचं. जो मागे पडेल, त्याच्या कानात कर्कश आवाज. तो किती मोठा आणि किती वेळ, हे समोरच्याने आधी ठरवायचं. एका प्रचलित मांडणीत पहिली पायरी ६० डेसिबलची, दहावी १०५ ची. शून्य निवडलं तर आवाजच नाही. अशा २५ फेऱ्या. पलीकडच्या खोलीत अर्थातच कुणी नसतं. कोणत्या फेरीत कोण हरणार, हे संगणकात आधीच भरलेलं असतं.

विद्यार्थी जी पायरी निवडतो, तिला म्हणायचं 'आक्रमकता'.

गोम पुढे आहे. हाती दोन आकडे येतात, आवाजाची पातळी आणि कालावधी, आणि तेही २५ वेळा. सगळ्यांची सरासरी काढायची, की समोरच्याने अजून काहीच त्रास दिलेला नसताना झालेली पहिली फेरीच धरायची? दोन आकड्यांचा गुणाकार करायचा, की फक्त वरच्या पायऱ्या किती वेळा दाबल्या ते मोजायचं? जर्मन मानसशास्त्रज्ञ माल्टे एल्सन यांनी या चाचणीवरचे शोधनिबंध जमवले, तेव्हा तिचा हिशेब दीडशेहून अधिक पद्धतींनी मांडलेला निघाला. माहिती तीच, एका पद्धतीने फरक दिसतो, दुसरीने नाहीसा होतो. पद्धत आधी लिहून ठेवली नसेल तर सोयीचा आकडा आपसूक हाताला लागतो. त्यासाठी लबाडीही लागत नाही.

दुसरी चाचणी तिखटाची. ज्याला तिखट सोसत नाही असं सांगितलंय, त्याच्यासाठी झणझणीत सॉस काढायचा आणि तो किती ग्रॅम भरला ते पाहायचं. (कोल्हापुरात पाहुणचार कुठे संपला आणि आक्रमकता कुठे सुरू झाली, हे ठरवताना वजनकाटा हात टेकेल.)

गेमची जोडी निवडतानाही घोळ होतो. मारधाडीचा गेम बहुधा वेगवान आणि अवघड असतो, साधा गेम सोपा. मग मोजली जाते ती चिडचिड. मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे वेगळं काढलं. 'हाफ-लाइफ २' या गेमचीच एक अहिंसक आवृत्ती त्यांनी बनवली, आणि काहींना बटणं आधी शिकवली, काहींना नाही. ज्यांना बटणं जमत नव्हती ते जास्त तापले, मग पडद्यावर रक्त असो वा नसो.

२०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने हिशेबाची पद्धत आधीच नोंदवून ठेवली. १४-१५ वर्षांची १,००४ ब्रिटिश मुलं घेतली. गेम किती हिंसक, हे अधिकृत वयोगट-मानांकनावरून ठरवलं, आणि मुलांची वागणूक त्यांच्या पालकांना विचारली. संबंध सापडला नाही.

सगळेच अभ्यास शून्यावर येत नाहीत. २०२० मध्ये २८ दीर्घकालीन अभ्यास, म्हणजे सुमारे २१,००० मुलं, एकत्र मोजली तेव्हा हिंसक गेम आणि आक्रमकतेचा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पूर्ण) निघाला सुमारे ०.०६. त्याचा वर्ग करा: मुलांमुलांमधल्या आक्रमकतेच्या फरकातला अर्धा टक्काही गेमवरून उलगडत नाही. त्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने, म्हणजे तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, भूमिका स्पष्ट केली. ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी लहानसा संबंध दिसतो. हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही.

(दृश्य: शाळेचा रिकामा व्हरांडा.)

आणि प्रत्यक्ष हल्लेखोर? अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने तिथल्या शिक्षण खात्याबरोबर शाळांवरचे ३७ हल्ले आणि ४१ हल्लेखोर तपासले. २००२ च्या त्या अहवालात हिंसक गेममध्ये रस दिसला जेमतेम आठातल्या एकाला. स्वतःच्या वह्यांत, कवितांत, निबंधांत हिंसा लिहिणारे त्याच्या तिप्पट होते. तीन-चतुर्थांशाहून अधिक घटनांत काय शिजतंय हे कुणाला तरी आधी ठाऊक होतं, बहुतेकदा मित्रांना किंवा वर्गातल्या मुलांना. आणि दोन-तृतीयांश हल्लेखोरांनी बंदूक आणली होती स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून.