डोकं की जहाज?

श्रोतेहो, नमस्कार. लहानपणी नाणं उडवताना आपण ओरडायचो, 'छापा की काटा?' रोममधली पोरं ओरडायची, 'डोकं की जहाज?' त्यांच्या जुन्या काशाच्या नाण्यावर एका अंगाला जेनस देवाचं मस्तक असे, दुसऱ्या अंगाला जहाजाचं पुढचं टोक.

मस्तक देवाचं, नाहीतर पूर्वजाचं. जिवंत माणसाचा चेहरा रोमच्या टाकसाळीत छापला जात नसे. इ.स.पू. 44 मध्ये ज्युलिअस सीझरनं ही रीत मोडली. चांदीच्या दिनारियसवर त्याचाच चेहरा, मानेवरच्या सुरकुत्यांसकट, आणि कडेनं अक्षरं : तहहयात हुकूमशहा. त्याच वर्षी 15 मार्चला त्याचा खून झाला.

मारेकऱ्यांतला ब्रूटस पुढे फौज बाळगून होता. फौजेला पगार हवा, म्हणून त्यानंही नाणी पाडली. त्यांतल्या एकावर दोन खंजीर आहेत. मधे गुलामीतून सुटलेला माणूस घालायचा ती टोपी, खाली खुनाची तारीख. आता नाणं उलटा. तिथे ब्रूटसचा स्वतःचा चेहरा! ज्या हव्यासापायी सीझरला मारलं, तोच हव्यास दोन-अडीच वर्षांत याच्याही हातून ठशात उतरला. मला तरी रोमच्या प्रजासत्ताकाचा शेवट याच नाण्यावर दिसतो.

दिनारियस म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतला 'दीनार', शब्द तिकडूनच आलेला. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात शिपायाला वर्षाला असे 225 मिळत. एका दिनारियसचे 16 'अस' (हे लहान नाणं), म्हणजे दिवसाला जेमतेम 10 अस. त्यातूनच कपडे आणि हत्यारांचे पैसे कापले जात. पाँपेईतल्या एका दारूच्या दुकानाच्या भिंतीवर भाव लिहिलेला सापडला : एका असला साधी दारू, दोनला बरी, चारला फालेर्नियन, म्हणजे उंची दारू. चांगला पेला प्यावा तर शिपायाची जवळजवळ अर्धी रोजी गेली!

आणि एक नाणं सांगायलाच हवं. इ.स. 211 च्या अखेरीस सम्राट काराकालानं सख्खा भाऊ गेटा याला मारवलं आणि त्याचं नाव, त्याची छबी जिथे असेल तिथून पुसायला लावली. आजच्या तुर्कस्तानातल्या स्ट्रॅटोनिकेया शहराच्या नाण्यांवर दोघे भाऊ समोरासमोर होते. नाणी वितळवली नाहीत. गेटाचा चेहरा तेवढा खरवडला, वर छोटा ठसा मारला आणि नाणी पुन्हा बाजारात फिरू लागली. भाजी घेताना, तेल घेताना लोकांच्या बोटांना तो खरखरीत खड्डा लागत असेल. काराकाला अजून त्या खड्ड्याकडेच बघतो आहे.