तिसरी फ्लॉपी

(दृश्य: गच्ची)

वैशाखातलं अमळनेर. सकाळी दहालाच गच्चीवर पाय ठरत नाही. एका बाजूला जुन्या साडीवर बिबडे वाळत घातलेत. दुसऱ्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक की-बोर्ड पडलाय.

जुन्या कॉम्प्युटरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं, जुन्या दातासारखं. त्यावरचा इलाज जुनी यंत्रं जमवणाऱ्या आबांना ब्यूटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात सापडला. केस ब्लीच करायचं हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम चोपडायचं, सुकू नये म्हणून वरून प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. ऊन इथे फुकट. 'बिबड्यांना हात लागता कामा नये' ही काकूंची अट, म्हणून गच्चीची वाटणी झालीय, मध्ये विटांची एक ओळ.

आबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक परत न्यायला आलंच नाही, अशा रेडिओंपासून हा संग्रह सुरू झाला. एका व्हॉल्व्हच्या रेडिओसोबत त्याचं लायसन्सचं पुस्तकही आहे. घरात रेडिओ ठेवायचा तर एकेकाळी पोस्टात फी भरावी लागे, आणि कुणाला ते गैर वाटत नसे. पेजर, पीसीओतलं बिल छापणारं मशीन, नोकियाचे फोन हे सगळं एका कपाटात कोंबलंय. आबा त्यांच्यापाशी थांबत नाहीत, आपणही नको थांबायला.

(दृश्य: आतली खोली. प्रिंटरचा आवाज)

हा विप्रोचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. मुंबईतल्या कुणाला यात काही विशेष वाटणार नाही, पण अमळनेरात तो घरचाच. १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली आणि या गावात तिनं वनस्पती तुपाचा कारखाना घातला. विप्रो हे त्याच लांबलचक नावाचं आखूड रूप. १९७७-७८ मध्ये आयबीएमनं भारतातून गाशा गुंडाळला, आणि पुढे तूप बनवणारे कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरले. गावात आजही पारावर विप्रोच्या शेअरचा विषय निघतो. ज्यांनी घेतले ते कमी बोलतात, ज्यांनी विकले ते जास्त.

शेजारचा ३८६, म्हणजे जुन्या पिढीचा कॉम्प्युटर, एका जिनिंगच्या ऑफिसातला. उघडला तेव्हा पंख्यात मूठभर कापूस निघाला. तो झटकून टाकता आला, खरी जखम बोर्डावर होती. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर तारीख-वेळ लक्षात ठेवायला निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी सोल्डर केलेली असे. मशीन वर्षानुवर्षं पडून राहिलं की ती गळते, आणि आतला अल्कली तांब्याच्या रेषा कुरतडून खातो. आबा त्यावर व्हिनेगर लावतात, घरात नसेल तर लिंबू. अल्कलीला उतारा आंबटाचा. मग ब्रशनं घासून, अल्कोहोलनं पुसून, तुटलेल्या प्रत्येक रेषेवर केसाएवढी तार जोडायची. या एका बोर्डानं आबांचा अख्खा पावसाळा खाल्ला.

भंगारात त्यांची स्पर्धा असते सोनं काढणाऱ्यांशी. जुन्या प्रोसेसरच्या पायांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, आणि जळगाव जिल्ह्यात सोनं कशाला म्हणतात हे कुणाला शिकवावं लागत नाही. बोर्ड किलोवर मिळतो, पण चिप आधीच उपटलेली. असा बोर्ड घरी आला की आबा दोन दिवस कुणाशी धड बोलत नाहीत.

(दृश्य: कोपऱ्यातला पीसी)

बाहेरची माणसं मात्र या खोलीत येतात ती या कळकट विंडोज ९८ च्या पीसीसाठी. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवून दिलेले एकच क्रमांक, रुळण्याआधी डीटीपीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवण्याचे, मराठी फॉन्ट एक युक्ती करत. फाइलमध्ये जपून ठेवलेलं असे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्या जागी क नाहीतर वेलांटी काढून दाखवी. प्रत्येक फॉन्टवाल्याची मांडणी निराळी. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरीची सोय आली, तरी जुने फॉन्ट डीटीपीवाल्यांच्या हातातून कितीतरी वर्षं सुटले नाहीत. फाइल राहिली आणि फॉन्ट हरवला, की मराठीच्या जागी उरतात टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि मध्येच पौंडाचं चिन्ह.

एक निवृत्त शिक्षिका तीन फ्लॉप्या रुमालात बांधून घेऊन आल्या होत्या. त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेल्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या, नव्वदच्या दशकात टाइप करून घेतलेल्या. पुस्तक निघालं नाही, वह्या वाळवीनं खाल्ल्या. पहिली फ्लॉपी उघडली, अक्षरं टोप्यांची. आबा एकेक फॉन्ट लावत गेले. सातव्याला पडद्यावर 'माय' उमटलं.

बाई वाचायला लागल्या, आणि दुसऱ्या ओळीला वाचणं सुटून चाल लागली. काकू दारात येऊन उभ्या. एरवी या खोलीपाशी त्यांचा एकच प्रश्न असतो, "हाई काय कामनं शे?" त्या दिवशी त्यांनी एक शब्द चुकलाय म्हणून बाईंना थांबवलं. मग दोघींचा बराच वाद झाला. आबांनी तेवढ्यात दुसरी फ्लॉपी घातली. काही पानं सोडता तीही निघाली.

तिसरी निघाली नाही. ड्राइव्हमधलं वाचणारं-लिहिणारं हेड साफ केलं, ड्राइव्ह बदलून पाहिले. तबकडीला बुरशी नव्हती, खानदेशच्या कोरड्या हवेचा तेवढा उपकार. आबांचा अंदाज असा, की ज्या ड्राइव्हवर ती लिहिली गेली त्याचंच हेड किंचित सरकलेलं असणार. असा ड्राइव्ह स्वतःचं लिहिलेलं बरोबर वाचतो, बाकीच्यांना ते लागत नाही. डीटीपीवाला सापडला. कॉम्प्युटर त्यानं कधीच भंगारात घातला होता. कुठल्या भंगारवाल्याला, तेवढं त्याला आठवत होतं.

आबा दर आठवड्याला तिथे एक चक्कर मारतात. फ्लॉपी ड्राइव्ह दिसला की किलोच्या भावानं उचलतात, घरी आणून आधी तिसरी फ्लॉपी सरकवतात.

(ड्राइव्हची खर्र-खर्र. थांबते. पुन्हा खर्र-खर्र.)

हा एकतिसावा.