तीन ट्रॉम्बोन, तीन भाग थांबलेले

मागच्या रांगेत बसलेल्या या तिघा वादकांकडे जरा पाहावे. मैफल रंगात आली आहे, पण त्यांचे ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीची पितळी फुंकवाद्ये, अजून मांडीवरच आहेत. योहानेस ब्राम्स या जर्मन संगीतकाराच्या पहिल्या सिंफनीचे, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचे, भाग चार, आणि त्यांपैकी पहिल्या तिन्हींत ट्रॉम्बोनसाठी एकही स्वर लिहिलेला नाही.

४ नोव्हेंबर १८७६ रोजी जर्मनीतील कार्ल्सरूह येथे ओटो डेसॉफ यांच्या संचालनाखाली ही सिंफनी प्रथम वाजली, तेव्हा ब्राम्स ४३ वर्षांचे होते. पहिल्या भागाचा खर्डा त्यांनी आपल्या पियानोवादक स्नेही क्लारा शूमान यांना १८६२ मध्येच दाखवला होता. बेथोव्हेनच्या नऊ सिंफनींनंतर या प्रकाराला हात घालण्याची धास्ती, हे विलंबाचे कारण नेहमी सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण वादकांना इतके ताटकळत ठेवणारा हा माणूस मुळातच घाईचा नसावा.

चौथ्या भागात टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांचा गडगडाट ओसरतो, व्हायोलिनांची दबकी थरथर सुरू होते आणि तिच्यावर हॉर्न या गोल वळलेल्या पितळी वाद्यातून आल्प्समधल्या गुराख्यांच्या लांब कर्ण्याची धून उमटते. हीच धून ब्राम्स यांनी १८६८ मध्ये क्लारा यांना वाढदिवसानिमित्त स्वित्झर्लंडहून लिहून पाठवली होती. नुसते ऐकणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही, पण येथे एक नव्हे, दोन हॉर्न वाजत आहेत. पहिल्याचा लांब स्वर सुटण्याआधीच दुसरा तोच स्वर धरतो, आणि तेवढ्यात पहिला दम घेतो. गवयाच्या मागे बसलेला शिष्य स्वर सांभाळतो, त्यातलाच हा प्रकार.

आता ते तिघे सावरून बसतात. पितळ थंड पडले की स्वर उतरतो, म्हणून आवाज न करता नळीत उबदार फुंकर घालून ते वाद्य तयार ठेवतात. इतका वेळ स्वस्थ बसल्यानंतर पहिलाच स्वर हळुवार लागायला हवा, आणि ट्रॉम्बोनवर जोरात वाजवण्यापेक्षा ते कितीतरी अवघड असते. बासून या खर्जातल्या लाकडी फुंकवाद्यांच्या सोबतीने प्रार्थनेसारखी एक संथ ओळ उमटते आणि काही क्षणांतच विरते. पुढे व्हायोलिनांची भरघोस, गाती धून येते.

ती संथ ओळ परतते ती अगदी शेवटी, लय वाढलेली असताना, आणि या वेळी ती हळुवार वाजवण्याची सूचना नसते; सारा वाद्यवृंद ती पूर्ण जोराने वाजवतो.