मतपत्रिकेच्या तळाशी न्यायाधीशांची नावं असतात, ती वाचा

नमस्कार मंडळी. हा कागद बघा, जरा कॅमेऱ्याजवळ धरते. ही लॉस एंजेलिस काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, नमुना मतपत्रिका. वरच्या भागात गव्हर्नर, काँग्रेस, सगळ्यांच्या नावापुढे पक्ष छापलेला आहे. आता खाली या. ‘सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश’, पुढे ऑफिस नंबर, म्हणजे कोणत्या जागेसाठी लढत आहे तो क्रमांक, त्याखाली दोन नावं आणि प्रत्येक नावाला जोडून दोन-तीन शब्दांत व्यवसाय. पक्ष नाही, चिन्ह नाही, फोटो नाही.

नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्यांदा मत द्यायला बसले, तेव्हा मी इथेच अडखळले. आपल्याकडे न्यायाधीश कधी मत मागायला दारात येत नाही. तालुक्याच्या कोर्टातले न्यायाधीश एमपीएससीची परीक्षा देऊन येतात. मला काही कळेना, म्हणून तो रकाना कोराच ठेवून पाकीट बंद केलं. त्याची मला आजही रुखरुख आहे. गव्हर्नरांशी माझी कधी गाठ पडणार नाही. पण घरमालकाने घर खाली करायला सांगितलं, घटस्फोटात मुलाचा ताबा कोणाकडे हा प्रश्न आला, तर मी याच कोर्टात उभी राहणार.

मग या पदासाठी उभं कोण राहू शकतं? कॅलिफोर्नियात किमान १० वर्षं वकिलीची सनद हवी. निवडणुकीच्या आदल्या हिवाळ्यातच इरादा लेखी कळवावा लागतो आणि न्यायाधीशाच्या वार्षिक पगाराच्या १ टक्का शुल्क भरावं लागतं. पगार दोन लाख डॉलरच्या वर आहे, म्हणजे शुल्कच दोन हजारांच्या पुढे गेलं. मुदत ६ वर्षांची. प्राथमिक फेरीत निम्म्याहून जास्त मतं मिळाली की तिथेच निकाल, नाहीतर पहिले दोघे नोव्हेंबरमध्ये पुन्हा समोरासमोर.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. बहुतेक न्यायाधीश पहिल्यांदा खुर्चीवर येतात ते गव्हर्नरच्या नेमणुकीने. मुदत संपल्यावर त्यांच्याविरुद्ध कोणीच अर्ज भरला नाही, तर त्यांचं नाव मतपत्रिकेवर येतच नाही. ते आपोआप निवडून आले असं धरतात. या काउंटीच्या कोर्टात पाचशेहून जास्त न्यायाधिकारी आहेत, आणि त्यातले मोजकेच आपल्यापुढे येतात. म्हणून ते मोजके तरी नीट बघा, असं मी कळकळीने सांगते.

आता ‘पक्षाविना’ याचा अर्थ. आपली ग्रामपंचायतीची निवडणूकही पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तरी कोणतं पॅनेल कोणाचं हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, कारण गाव माणसांना ओळखतं. इथे काउंटीची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास. पक्ष काढून घेतला, ओळख नाही, मग मतदार कशावर जातो? नावावर, आणि त्या दोन-तीन शब्दांवर.

जून २००६ ची गोष्ट सांगते. डझिंट्रा जानाव्ह्स या लॅटव्हियात जन्मलेल्या, सुमारे २० वर्षं न्यायदान केलेल्या न्यायाधीश. काउंटीच्या बार असोसिएशनने, म्हणजे वकिलांच्या संघटनेने, त्यांना सर्वात वरची श्रेणी दिली होती. समोर होत्या लिन ओल्सन. सनद होती, पण बेगलचं, म्हणजे कड्यासारख्या गोल पावाचं, दुकान चालवायच्या. असोसिएशनचा शेरा ‘पात्र नाही’. जानाव्ह्स हरल्या. परकं वाटणारं नाव नडलं, असं तेव्हा कोर्टात आणि वर्तमानपत्रांत उघड बोललं गेलं. गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी त्यांना लगेच पुन्हा नेमलं. पण मी ‘डझिंट्रा जानाव्ह्स’ हे नाव वाचते तेव्हा मला आपली सहस्रबुद्धे, क्षीरसागर, ज्ञानेश्वरी अशी नावं आठवतात. आपली मुलं इथे वकील होताहेत. उद्या त्यांचंही नाव या कागदावर येईल.

व्यवसायाच्या शब्दांचंही तसंच. पूर्वी सरकारी वकील तिथे ‘टोळीहत्या खटल्यांचे वकील’ अशा थाटाचं लिहायचे आणि त्याचा फायदा व्हायचा. मग कायदा बदलला. आता त्यांना आपलं साधं पदनामच द्यावं लागतं. तो बदल मला योग्य वाटतो.

उमेदवाराचे हातही बांधलेले असतात. ‘मी निवडून आले तर अमक्या खटल्यात असा निकाल देईन’ असं वचन त्याला देता येत नाही. सरकारी मतदार पुस्तिकेत निवेदन छापायचं तर खर्च त्याच्याच माथी, आणि एवढ्या मोठ्या काउंटीत तो हजारो डॉलरच्या घरात जातो. म्हणून पुस्तिकेत कितीतरी उमेदवारांचं निवेदनच नसतं. त्यावरून उमेदवाराला आस्था नाही, असं समजू नका.

मी आता काय करते? मतपत्रिका टपालाने घरी येते. जेवणं झाली की ओटा पुसून टेबलावर ती पसरते आणि फोनवर बार असोसिएशनची यादी उघडते: अत्यंत पात्र, उत्तम पात्र, पात्र, पात्र नाही. मग प्रत्येकाने कोणत्या कोर्टात काम केलंय, पाठिंबा कोणाचा आहे, हे बघते. दोन संध्याकाळी जातात. मतपत्रिका भरताना मी तळापासून सुरुवात करते, आधी न्यायाधीश, मग वर गव्हर्नर. तुमच्या काउंटीत अशी यादी कुठे मिळते ते खाली कमेंटमध्ये लिहा, म्हणजे शेजारच्या काउंटीतल्या मराठी मंडळींनाही ती सापडेल.