वाईट बातमी ऐकून घेणारा प्राचार्य

श्रोतेहो, नमस्कार.

खासगी कॉलेजचा गाडा बहुतांशी फीवर चालतो. एका वर्षी प्रवेश घटले की पगारापासून प्रयोगशाळेपर्यंत सगळीकडे ओढाताण सुरू होते. अशा वेळी खुर्चीतल्या माणसाचा स्वभावसुद्धा हिशेबात धरावा लागतो.

अमेरिकेत डॅलस शहरात पॉल क्विन हे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेलं कॉलेज आहे. २००७ मध्ये मायकेल सोरेल अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडचे प्राचार्य, झाले, तेव्हा ते बंद पडण्याच्या बेतात होतं. इमारती ओस, तिजोरीत खडखडाट. २००९ मध्ये तर मान्यताच गेली आणि प्रकरण कोर्टात पोहोचलं. सोरेल यांनी खर्चिक फुटबॉल संघ बंद केला. टेक्ससमध्ये फुटबॉलला हात लावायचा म्हणजे छाती लागते! पण गोष्ट तिथे संपली नाही. परिसरात ताजी भाजी मिळण्याची मारामार होती, म्हणून २०१० मध्ये त्याच मैदानावर शेती सुरू झाली. पुढे विद्यार्थ्यांनी शिकता शिकता काम करायचं आणि त्यातून फीचा भार हलका करायचा, अशी घडी बसवली. याला धाडस म्हणून आपण मोकळे होतो. मला त्यात नजर दिसते: आपल्या दारात काय चाललंय ते पाहण्याची.

आता उलटं उदाहरण घ्या. व्हर्जिनियातलं स्वीट ब्रायर हे मुलींचं कॉलेज. आठ कोटी डॉलरहून जास्त निधी, पण बराचसा देणगीदारांच्या अटींत अडकलेला. ३ मार्च २०१५ रोजी संचालक मंडळाने जाहीर केलं की उन्हाळ्यात कॉलेज कायमचं बंद होणार. विद्यार्थिनी, प्राध्यापक, सगळे अवाक्. माजी विद्यार्थिनींनी पैसे उभे केले, कोर्टाची पायरी चढली, जूनमध्ये तडजोड झाली आणि नवे अध्यक्ष आले. कॉलेज वाचलं. मदत करू शकणारी माणसं होतीच की. त्यांना सगळ्यात शेवटी सांगितलं गेलं. आकडे झाकून ठेवणं याला काही जण खंबीरपणा समजतात. मला तो भित्रेपणा वाटतो.

कॉलेजची घसरण आधी लेखा विभागाला आणि प्रवेशाच्या खिडकीवरच्या कारकुनाला दिसते. तो साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन ‘सर, यंदा अर्ज कमी आलेत’ असं न घाबरता म्हणू शकतो का, यावर पुढचे सहा महिने हाताशी राहतात की वाया जातात, हे ठरतं. म्हणून प्राचार्य निवडताना पदव्या जरूर मोजाव्यात, पण उमेदवाराच्या आधीच्या कॉलेजातल्या अकाउंटंटलाही एक फोन करावा.