एकाच फाइलच्या अनेक नकला

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातील हे एक गाव. वेचणी आटोपली आहे, पण भाव मनासारखा नसल्याने कापूस अजून घरातच भरलेला आहे, आणि त्या ढिगाला लागून मांडलेल्या टेबलावर या घरातली मुलगी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, कंपाइल करते आहे; लिहिलेल्या कोडचे यंत्राला चालवता येईल असे रूप तयार करते आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हा कर्नल इंटेलच्या ३८६ प्रोसेसरसाठी लिहिला. पुढे अल्फा, मिप्स, स्पार्क, एआरएम अशी आर्किटेक्चरे, म्हणजे प्रोसेसरच्या वेगवेगळ्या जाती, येत गेली, आणि प्रत्येकासाठी हेडर फाइलींची, म्हणजे बाकीच्या कोडला लागणाऱ्या व्याख्यांच्या फाइलींची, वेगळी डिरेक्टरी तयार झाली. तिच्यातल्या कितीतरी फाइली आधीच्या आर्किटेक्चरवरून जशाच्या तशा उतरवलेल्या असत. उतरवून घेणे एका दुपारचे काम; मात्र मूळ फाइलीतली चूक सुधारली की ती सुधारणा प्रत्येक नकलेपर्यंत पोचवावी लागते, आणि एखादी नक्कल हमखास मागे राहते. इंटेलच्याच ३२ आणि ६४ बिटांच्या प्रोसेसरांचे संसारसुद्धा वेगळे होते. जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत ते एकत्र आले.

सामाईक मजकुरासाठी ‘एएसएम-जेनेरिक’ ही डिरेक्टरी होतीच. आर्न्ड बर्गमन यांनी २००९ मध्ये ती इतकी भरीव केली, की नव्या आर्किटेक्चरला बहुतेक हेडर तिथूनच घेता यावेत. त्यानंतरही ‘सामाईक फाइल घ्या’ एवढेच सांगणाऱ्या एकेका ओळीच्या फाइली जागोजागी उरल्या होत्या. आता काय काय कंपाइल करायचे हे सांगणाऱ्या केबिल्ड फाइलीत ‘जेनेरिक-वाय’ पुढे नाव लिहिले, की तशी फाइल कंपाइल होताना आपोआप तयार होते.

सारख्या दिसणाऱ्या फाइली सारख्या असतातच असे नाही, आणि अशा नकला काढून टाकण्याच्या कामातली खरी मेहनत हे तपासण्यातच आहे. पडद्यावर तिने चुकांचे क्रमांक देणाऱ्या दोन फाइली शेजारीशेजारी उघडल्या आहेत. ‘आता जमत नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगणाऱ्या ईअगेन या चुकीचा क्रमांक सामाईक फाइलीत ११ आहे, अल्फावर तो ३५ आहे; आणि अल्फावरचा ११ हा क्रमांक ईडेडलॉक या अगदी वेगळ्या चुकीचा आहे. अल्फाने ओएसएफ/१ या जुन्या युनिक्सशी जुळवून घेतले, त्याची ही खूण. हे क्रमांक आधीच तयार झालेल्या प्रोग्रॅममध्ये भिनलेले असल्यामुळे नीटनेटकेपणाच्या हौसेपायी ते बदलता येत नाहीत.

म्हणून ती बदलाआधी आणि बदलानंतर त्याच आर्किटेक्चरसाठी कंपाइल करून तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइली ताडून पाहते. सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या हेडरला नुसता हात लागला तरी जवळपास सगळा कर्नल पुन्हा कंपाइल करावा लागतो. या लॅपटॉपवर त्यात रात्र जाते, आणि मध्येच वीज गेली तर दमलेल्या बॅटरीचा भरवसा नाही.

आज तिने आपल्या प्रतीतली एका दुसऱ्या आर्किटेक्चरची एक फाइल काढून टाकली, केबिल्डमध्ये एक ओळ वाढवली आणि जेवायला उठण्याआधी कंपाइल सुरू केले. अल्फाची फाइल तिने जशी होती तशीच ठेवली आहे.